मोडीची चांदी नायट्रिकमध्ये: अ‍ॅसिड किती लागतं, साका कशाचा आणि टंच कुठे अडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पैंजण, जोडवी, करंडे अशी जुन्या चांदीची अर्धा किलो मोड आहे, टंच (शंभरात चांदीचे भाग) साधारण ७०. बाजारातल्या नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये ती विरघळवून तांब्याच्या पट्टीवर चांदी उतरवली. अ‍ॅसिड अंदाजापेक्षा बरंच जास्त लागलं, मध्येच भांडं उतू गेलं, द्रावण आधी हिरवं आणि मग निळं झालं, तळाशी पांढरा साका, म्हणजे गाळ, राहिला, आणि आटणीनंतर, म्हणजे वितळवल्यावर, टंच ९८ च्या पुढे सरकला नाही. असं का झालं आणि नीट करायचं कसं?

सगळ्या उत्तराचं मूळ एका गोष्टीत आहे. नायट्रिक अ‍ॅसिड चांदी शुद्ध करत नाही, ते फक्त विरघळवतं. चांदीचं सिल्व्हर नायट्रेट होतं, तांब्याचं कॉपर नायट्रेट होतं, जस्त, शिसं, कॅडमियम, निकेल यांचीही नायट्रेटं होतात आणि ती सगळी एकाच पाण्यात राहतात. व्यवहारात भेटणारी जवळपास प्रत्येक नायट्रेट पाण्यात सहज विरघळते. शुद्धता ठरते ती पुढच्या पायरीत, म्हणजे त्या पाण्यातून काय खाली बसवलं आणि ते किती स्वच्छ धुतलं यावर. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी, मंडळी देशभर जिथे जिथे पसरली आहेत तिथे हेच काम करतात, आणि त्यातला खरा कस धुण्यात लागतो, ओतण्यात नाही.

नायट्रिक चांदीला का खातं

मिठाचं (हायड्रोक्लोरिक) अ‍ॅसिड किंवा सौम्य सल्फ्युरिक धातूला खातं ते हायड्रोजनच्या बळावर. चांदी आणि तांबं हायड्रोजनला दाद देत नाहीत, म्हणून ही अ‍ॅसिडं तिथे निरुपयोगी ठरतात. नायट्रिकमध्ये काम करतो तो नायट्रेटचा भाग. तो धातूकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि स्वतः वायू होऊन निघून जातो. म्हणून या क्रियेत हायड्रोजन निघत नाही, नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात. आकड्यांत सांगायचं तर नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड होण्याचं प्रमाण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढण्याचा जोर, ०.९६ व्होल्ट आहे. तांब्याचं ०.३४, चांदीचं ०.८०, सोन्याचं १.५०. तांबं कितीतरी खाली आहे म्हणून ते धडाधड विरघळतं. चांदी थोडीच खाली आहे म्हणून ती जरा ऊब मागते. सोनं वर आहे म्हणून तसंच तळाला राहतं.

अ‍ॅसिड किती कडक आहे त्यावर कोणता वायू निघेल ते ठरतं. कडक अ‍ॅसिडात मुख्यतः लालसर तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो: चांदीच्या एका मोलला (मोल म्हणजे ठरावीक संख्येचे अणू किंवा रेणू) दोन मोल नायट्रिक खर्च होतं, तांब्याच्या एका मोलला चार. पाणी घातलेल्या अ‍ॅसिडात मुख्यतः रंगहीन नायट्रिक ऑक्साइड निघतो: चांदीच्या तीन मोलना चार मोल नायट्रिक, तांब्याच्या तीन मोलना आठ. म्हणजे तेवढीच चांदी विरघळवायला पातळ अ‍ॅसिडात एकतृतीयांश नायट्रिक वाचतं. रंगहीन वायू हवेला भेटला की लाल होतोच, त्यामुळे दोन्हीकडे भांड्यावर लाल धूर दिसतो आणि लोकांना वाटतं की दोन्ही प्रकार सारखेच. सारखे नाहीत. पातळ अ‍ॅसिडात भांड्याच्या आतला धूर फिकट असतो, वर तोंडाशी लाल होतो. आतच गडद तपकिरी दिसत असेल तर तुम्ही अ‍ॅसिड धुरात घालवताय.

आता हिशेब

बाजारातलं चांगलं नायट्रिक ६८ टक्क्यांचं, घनता १.४१. त्याच्या एका लिटरमध्ये साधारण १५.२ मोल शुद्ध नायट्रिक असतं. ६० टक्क्यांचं असेल तर १३ मोल धरा. कॅनवर टक्के लिहिलेले नसतील तर हायड्रोमीटर बुडवून घनता बघा, अंदाज करू नका.

१०० ग्रॅम शुद्ध चांदीला पातळ मार्गाने ६८ टक्क्यांचं ८१ मिली अ‍ॅसिड लागतं. १०० ग्रॅम तांब्याला त्याच मार्गाने २७६ मिली लागतं. तांबं चांदीपेक्षा साडेतीन पट अ‍ॅसिड खातं, कारण त्याचा अणू हलका आहे आणि प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो. ‘किलोला लिटर’ हा जो ठोकताळा चालतो तो ९० टंचाच्या वरच्या मालाला जेमतेम पुरतो, ७० टंचाला अजिबात नाही.

तुमच्या मोडीचं बघा. ५०० ग्रॅम, ७० टंच, म्हणजे ३५० ग्रॅम चांदी आणि बाकी सगळं तांबं धरलं तर १५० ग्रॅम तांबं. चांदीसाठी २८५ मिली, तांब्यासाठी ४१४ मिली, एकूण ७०० मिली. मालात तांबं तीस टक्के, पण अ‍ॅसिडाचा साठ टक्के वाटा त्याचा. हेच काम पाणी न घालता कडक अ‍ॅसिडात केलं तर साधारण १,०५० मिली, म्हणजे एक लिटरच्या वर जातं. प्रत्यक्षात थोडं वाफेबरोबर उडतं, तेव्हा ८०० मिली अ‍ॅसिड आणि ८०० मिली डिस्टिल्ड पाणी ही योग्य मात्रा. त्याहून जास्त ‘असू दे हाताशी’ म्हणून ओतू नका. का ते पट्टीच्या भागात येईल.

माल फार हलका, ५० टंचाच्या आसपासचा असेल तर तो सरळ नायट्रिकमध्ये घालणं परवडतच नाही. आधी आटणीत कमअस्सल धातू जाळून टंच वर आणा, मग अ‍ॅसिडात घाला.

पाणी डिस्टिल्डच का, हा प्रश्न दर वेळी येतो. नळाच्या आणि बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतं. सिल्व्हर नायट्रेटला ते भेटलं की लगेच सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा दुधाळपणा येतो आणि तेवढी चांदी साक्यात अडकते. हीच तपासणी अ‍ॅसिडलाही करा. नवीन कॅन उघडला की काचेच्या नळीत थोडं अ‍ॅसिड डिस्टिल्ड पाण्यात पातळ करा आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पांढुरकं झालं तर त्या कॅनमध्ये क्लोराइड आहे. सोनं मिसळलेल्या मालाला असं अ‍ॅसिड मुळीच वापरू नका, कारण नायट्रिक आणि क्लोराइड एकत्र आले की थोडं सोनंही द्रावणात जातं. अ‍ॅसिड जुनं, पिवळसर दिसत असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही. उजेडाने त्यात थोडा नायट्रोजन डायऑक्साइड तयार होऊन विरघळलेला असतो, ते चालतं.

भांडं उतू का जातं

कारण नायट्रिकची चांदी-तांब्यावरची क्रिया सुरुवातीला आळशी असते आणि मग स्वतःच स्वतःला वेग देते. क्रियेत थोडं नायट्रस अ‍ॅसिड तयार होतं, ते पुढची क्रिया जलद करतं, तिच्यातून आणखी नायट्रस तयार होतं. त्यात उष्णताही निघते आणि तीही वेग वाढवते. म्हणून थंड, पातळ, ताज्या अ‍ॅसिडात पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही. एखाद-दुसरा बुडबुडा, धातूवर हलकी झाक, एवढंच. बघणारा म्हणतो अ‍ॅसिड कमजोर आहे, आणखी ओततो किंवा खाली शेगडी मोठी करतो. मग एकदम सगळं उठतं.

योग्य क्रम असा. मोड आधी आटवून पाण्यात दाणे पाडा. अखंड लगड किंवा जाड तुकडे फार वेळ घेतात, आणि दागिन्यातले मेण, लाख, दोरा, मळ आटणीत जळून जातात. पोकळ घुंगरांत खडे नाहीत ना, हेही आधीच बघा. दाणे बोरोसिलिकेट काचेच्या भांड्यात घ्या. भांडं एकूण द्रवाच्या तिप्पट तरी हवं, इथे ५ लिटरचं. ते प्लास्टिकच्या खोल परातीत ठेवा, म्हणजे तडकलं तरी चांदी जमिनीत जाणार नाही. आधी ८०० मिली पाणी घाला, मग अ‍ॅसिडाचा पहिला १०० ते १५० मिलीचा हप्ता. पाण्याच्या घमेल्यातून ५० ते ६० अंशांपर्यंत ऊब द्या आणि थांबा. बुडबुड्यांची धार लागली की ऊब काढून घ्या. धार मंदावली की पुढचा हप्ता. शेवटच्या दोन हप्त्यांना पुन्हा ऊब लागते, कारण तोवर अ‍ॅसिड पातळ झालेलं असतं. तोंडावर वॉचग्लास किंवा काचेची बशी उलटी ठेवली तर वर लाल झालेला वायू ओलाव्यात थोडा परत विरघळतो आणि तेवढं अ‍ॅसिड परत मिळतं.

फेस चढायला लागला तर थंड डिस्टिल्ड पाण्याची धार हाताशी असावी. तेवढ्याने तो बसतो.

हिरवा रंग हा कॉपर नायट्रेटच्या निळ्यात विरघळलेल्या तपकिरी वायूची भर पडल्याने दिसतो. पातळ केलं किंवा उकळी देऊन वायू काढला की निळा उरतो. तो कॉपर नायट्रेटचा रंग. सिल्व्हर नायट्रेट स्वतः रंगहीन आहे, म्हणून निळेपणावरून चांदीचा अंदाज येत नाही, फक्त तांब्याचा येतो. द्रावणाला नारिंगी-तांबूस झाक असेल तर पॅलेडियम असण्याची शक्यता आहे. तसं दिसलं तर ते द्रावण वेगळं ठेवा, त्यात पैसा आहे.

आणखी एक फसगत. कडक अ‍ॅसिडात, थोड्या पाण्यात काम केलं तर दाण्यांवर पांढरट खडा बसतो आणि क्रिया थांबते. बऱ्याच जणांना वाटतं चांदी विरघळायची थांबली, आणखी अ‍ॅसिड हवं. उलट आहे. तो खडा सिल्व्हर नायट्रेटचाच असतो. नायट्रेट भरपूर असलेल्या कडक अ‍ॅसिडात त्याची विद्राव्यता खाली येते. त्याला पाणी हवंय. शिशाच्या बाबतीत हे फार ठळक दिसतं: पातळ नायट्रिकमध्ये शिसं छान विरघळतं, कडक अ‍ॅसिडात लेड नायट्रेटची साय धरून तसंच बसतं. लोखंडाचं थांबणं मात्र निराळं. कडक नायट्रिकमध्ये त्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि ते निष्क्रिय होतं, पण अ‍ॅसिड पातळ झालं की तोच थर सुटतो आणि लोखंड खाल्लं जातं. म्हणून लोखंडी घमेलं, लोखंडी ढवळणी या कामात आणूच नका.

तळाचा साका

सगळे बुडबुडे थांबले, ऊब दिली तरी हालचाल नाही, की क्रिया संपली. द्रावण दुप्पट पाण्याने पातळ करा, नितळू द्या, मग गाळा. तळाला जे राहिलं ते फेकायचं नाही.

तपकिरी, मातकट, जड पूड असेल तर सोनं. मुलामा दिलेल्या चांदीत ते नेहमी असतं. काळं म्हणजे बहुधा न विरघळलेलं सिल्व्हर सल्फाइड किंवा कोळसा. पांढरं दोन प्रकारचं असतं आणि तुमचा साका त्यापैकीच. एक, सिल्व्हर क्लोराइड, नळाच्या पाण्यामुळे किंवा अ‍ॅसिडातल्या क्लोराइडमुळे आलेलं. दुसरं, कथिलाचं. जुन्या दागिन्यांच्या डागात, म्हणजे सांध्याच्या झाळकामात, कथील असतं आणि नायट्रिकमध्ये कथिलाचं विरघळणारं नायट्रेट होत नाही, पांढरं चिकट मेटास्टॅनिक अ‍ॅसिड होतं. ते गाळणी बुजवून टाकतं, आणि त्याच्या चिकटपणात चांदीचं द्रावण अडकून राहतं.

दोन्ही ओळखायची सोपी खूण: थोडा साका धुऊन उन्हात ठेवा. जांभळट होत काळवंडला तर क्लोराइड. पांढराच राहिला तर कथील. खात्री करायची तर चिमूटभर साका हायपोच्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात टाका. क्लोराइड विरघळतं, कथिलाचं विरघळत नाही. कथिलाचा साका गाळायची घाई करू नका. द्रावण पातळ करून गरम ठेवा आणि रात्रभर बसू द्या. वरचं नितळ द्रावण नळीने काढून घ्या आणि खालचा गाळ गरम पाण्याने दोन-तीनदा धुऊन ते पाणीही मुख्य द्रावणात घ्या.

सोन्याचा माल असेल तर एवढंच लक्षात ठेवा: नायट्रिकला आतपर्यंत पोचायला सोन्याचा वाटा चौथ्या हिश्शाच्या आसपास किंवा कमी हवा. बावीस कॅरेटचा दागिना नायट्रिकमध्ये टाकून काही होत नाही. म्हणूनच सोन्यात तिप्पट चांदी मिसळून मग अ‍ॅसिड देतात.

तांब्याची पट्टी

सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात तांबं ठेवलं की तांबं द्रावणात जातं आणि चांदी बाहेर पडते. तांब्याचा एक अणू चांदीचे दोन अणू सोडवतो. ३५० ग्रॅम चांदीला १०३ ग्रॅम तांबं लागतं. जस्त, कॅडमियम, निकेल, शिसं द्रावणातच राहतात, म्हणून ही पद्धत चांगली. पॅलेडियम आणि पारा मात्र चांदीबरोबर खाली येतात.

आता जास्तीचं अ‍ॅसिड. द्रावणात मोकळं नायट्रिक उरलं असेल तर पट्टी आधी त्यालाच बळी पडते. ६८ टक्क्यांचं १०० मिली अ‍ॅसिड फुकट उरलं असेल तर ते ३६ ग्रॅम तांबं खाऊन टाकतं, वर पुन्हा लाल धूर, आणि मोकळी पडलेली बारीक चांदी थोडी परत विरघळवतं. तुमच्याकडे ‘पट्टी टाकल्यावरही धूर आला’ असेल तर कारण हे. म्हणून विरघळवताना शेवटी थोडे दाणे न विरघळता उरले तर उत्तम. ते पुढच्या घाण्याला, म्हणजे पुढच्या खेपेला, ठेवा. अ‍ॅसिड पूर्ण खर्च झाल्याची ती खूण आहे.

पट्टी जाड घ्या, वीजपेटीतल्या जाड पट्टीचा, म्हणजे बसबारचा, तुकडा असेल तर सर्वांत चांगला. तार, पत्र्याचे कातरण, भंगार नको. पातळ तांबं जाळीसारखं होऊन तुटतं, त्याचे कण चांदीत मिसळतात आणि नंतर कितीही धुतलं तरी निघत नाहीत. कल्हई केलेली तार तर कधीच नको. टंच ९८ ला अडण्याचं हे पहिलं कारण.

द्रावण कोमट ठेवा. पट्टीवर राखाडी मऊ चांदी वाढते, ती मध्येमध्ये झटकून पाडा, नाहीतर आतलं तांबं झाकलं जातं. संपलं का हे बघायला वरचं नितळ निळं पाणी नळीत घेऊन मिठाच्या पाण्याचा थेंब टाका. ढग आला तर चांदी शिल्लक आहे. ढग नाही आला की पट्टी उचला.

मग धुणं. हा राखाडी लगदा स्पंजासारखा असतो, त्याच्या छिद्रांत कॉपर नायट्रेटचं पाणी भरलेलं असतं, आणि नुसतं वरून पाणी ओतून ते निघत नाही. टंच अडण्याचं दुसरं आणि मोठं कारण हे. गरम डिस्टिल्ड पाणी घाला, काचेच्या कांडीने तळापासून ढवळा, बसू द्या, वरचं काढा. असं परत परत. पहिल्या धुण्याला ५ टक्क्यांचं सल्फ्युरिक वापरा. अ‍ॅसिडपणा एकदम गेला तर तांब्याचा हिरवट, न विरघळणारा क्षार चांदीत बसतो, आणि सौम्य सल्फ्युरिक तो सोडवतं. धुण्याचं पाणी डोळ्यांना रंगहीन दिसणं पुरेसं नाही. त्याच्या दोन मिलीत अमोनियाचे काही थेंब टाकून बघा, तांब्याचा अंश असेल तर निळा रंग येतो. ही तपासणी फक्त चांदी संपलेल्या पाण्यावर करायची आणि तिथल्या तिथे ओतून टाकायची. निळा येणं थांबलं की धुणं झालं.

लगदा पूर्ण वाळवूनच मुशीत (वितळवायच्या भांड्यात) घाला. ओलसर राहिला तर वाफेने उडतो. सवागी (बोरॅक्स) थोडी. आटणीत चांदी हवेतला ऑक्सिजन पिते आणि गोठताना तो बाहेर फेकते, तेव्हा लगडीवर फोड येतात. वर कोळशाच्या भुकटीचा थर ठेवला तर हे टळतं. काही जण उरलेलं तांबं मारायला सोरा (पोटॅशियम नायट्रेट) टाकतात. सोरा तांब्याचा ऑक्साइड करतो हे खरं, पण ग्रॅफाइटची मूसही खातो, आणि कोळसा आणि सोरा एकाच मुशीत कधीही एकत्र येऊ द्यायचे नाहीत.

एवढं केल्यावर ९९ च्या पुढे जायला अडचण नसते. ९९९, म्हणजे हजारात ९९९ भाग चांदी, हमखास हवं असेल तर मात्र ही चांदी अ‍ॅनोड (विजेचं धन टोक) करून सिल्व्हर नायट्रेटच्याच द्रावणात विजेने उतरवावी लागते. मोबियसने १८८४ मध्ये मांडलेली हीच पद्धत शुद्धीकरण कारखान्यांत अजून चालते.

मिठाचा मार्ग

पट्टीऐवजी मीठ घालून चांदी सिल्व्हर क्लोराइड म्हणून पाडता येते. ३५० ग्रॅम चांदीला १९० ग्रॅम मीठ लागतं, २१० घ्या. त्याहून फार जास्त नको, कारण खारट पाण्यात क्लोराइड परत थोडं विरघळतं. ४६५ ग्रॅम दह्यासारखा साका मिळतो. तांबं पूर्ण द्रावणात राहतं, ही मोठी जमेची बाजू. पण शिसं असेल तर लेड क्लोराइडही खाली येतं. ते गरम पाण्यात विरघळतं, म्हणून उकळत्या पाण्याने धुवा. हा साका सरळ मुशीत टाकू नका. तो ४५५ अंशांना वितळतो आणि धुरात चांदी जाते. आधी कॉस्टिक सोड्याने त्याचा काळा-तपकिरी ऑक्साइड करा, मग ग्लुकोज थोडंथोडं घाला, राखाडी चांदी होते. १०० ग्रॅम चांदीला हिशेबाने ५६ ग्रॅम कॉस्टिक लागतं, प्रत्यक्षात ८० ते १०० घ्या.

सिल्व्हर नायट्रेटच हवं असेल तर

काही जणांना चांदी नको, तिचं नायट्रेट हवं असतं, आरशासाठी किंवा प्रयोगशाळेसाठी. १०० ग्रॅम शुद्ध चांदीपासून १५७ ग्रॅम मिळतं. त्यासाठी शुद्ध चांदीपासूनच सुरुवात करावी. पण द्रावणात तांब्याची निळी झाक असेल तर नायट्रेटांच्या वेगळेपणाचा उपयोग होतो: तापवल्यावर कॉपर नायट्रेट आधी मोडतं, सिल्व्हर नायट्रेट बरंच नंतर. द्रावण पोर्सेलिनच्या बशीत आटवून कोरडं करा. सिल्व्हर नायट्रेट २१२ अंशांना वितळतं. २५० च्या आसपास ठेवलं की तांब्याचं नायट्रेट मोडून काळा ऑक्साइड होतो, तपकिरी वायू निघतो. निळी-हिरवी झाक जाऊन काळे कण दिसले आणि धूर थांबला की उतरवा. फार वर, ४४० अंशांकडे नेलं तर चांदीचं नायट्रेटही मोडून धातू होतो. थंड झाल्यावर पाणी घाला. सिल्व्हर नायट्रेट विरघळतं, काळा ऑक्साइड गाळून निघतो. पाण्यात २० अंशांना हे नायट्रेट १०० मिलीला २०० ग्रॅमच्या वर विरघळतं, उकळत्या पाण्यात ७०० च्याही वर, म्हणून गरम संपृक्त द्रावण थंड केलं की सुरेख पत्रीदार स्फटिक पडतात. तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवा. हाताला लागलं तर काळा डाग पडतो आणि कातडी बदलेपर्यंत तो जात नाही.

धूर

तुमच्या अर्ध्या किलो मोडीतून, पातळ मार्गाने केलं तरी, साधारण ६५ लिटर वायू निघतो. चार मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच बंद खोलीत तो पसरला तर हवेत १,३०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १,३०० भाग) वर जातो. अमेरिकेच्या निऑश संस्थेने नायट्रोजन डायऑक्साइडसाठी जिवाला तत्काळ धोक्याची पातळी १३ पीपीएम धरली आहे. या वायूचा कावा असा की घसा थोडा खवखवतो, खोकला येतो, मग माणूस बरा वाटून घरी जातो, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसात पाणी भरतं. लाल धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जाऊन नायट्रोजन डायऑक्साइडचं नाव सांगा आणि निरीक्षणाखाली राहा. खिडकी आणि टेबलफॅन हा यावर उपाय नाही. ओढणीचा पंखा, आणि त्याच्यापुढे कॉस्टिकच्या पाण्याचा स्क्रबर, म्हणजे धूर धुणारं यंत्र, हवा. कॉस्टिक नायट्रोजन डायऑक्साइडला पकडतं, पण रंगहीन नायट्रिक ऑक्साइड एकटा असेल तर तो सुटून जातो. म्हणून स्क्रबरआधी नळीत हवा मिसळायला जागा ठेवा, म्हणजे तो लाल होईल आणि पकडला जाईल.

हातमोजे नायट्राइलचे असतील तर कडक नायट्रिकला टिकत नाहीत, ब्युटिल किंवा निओप्रीनचे घ्या. सांडलेल्या अ‍ॅसिडावर लाकडाचा भुसा किंवा सुती चिंध्या टाकू नका, त्या पेटू शकतात. सोडा अ‍ॅश टाका. नायट्रेट भिजलेले गाळणकागद वाळवून साठवू नका, ठिणगी लागली तर भडकतात. ओले असतानाच धुऊन त्यातली चांदी काढा. आणि दोन गोष्टींना पूर्ण बंदी: सिल्व्हर नायट्रेट, ऑक्साइड किंवा क्लोराइड अमोनियात घालून ठेवणं, आणि नायट्रिकमधल्या चांदीजवळ स्पिरिट आणणं. दोन्हींतून स्पर्शानेही फुटणारी चांदीची संयुगं तयार होतात.

निळं पाणी

पट्टी काढल्यावर उरलेल्या पाण्यात मोडीतलं १५० आणि पट्टीतलं १०३ मिळून २५३ ग्रॅम तांबं असतं. ते परत मिळतं: स्वच्छ लोखंडी भंगार टाका, २२५ ग्रॅमच्या आसपास लोखंड खर्च होऊन तांबं लाल भुकटी म्हणून खाली बसतं. मोकळं अ‍ॅसिड असेल तर लोखंड जास्त जाईल. नंतर चुना घालून पीएच ८.५ ते ९ वर आणा, राहिलेलं तांबं आणि लोखंड हायड्रॉक्साइडच्या गाळात बसतात. हा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. तळोजा, रांजणगाव इथल्या अधिकृत प्रक्रिया केंद्रांकडे तो द्यायचा असतो.

नायट्रेट मात्र कशानेच खाली बसत नाही. ज्या विद्राव्यतेमुळे चांदी पाण्यात आली, तीच इथे आडवी येते. या एका घाण्याच्या पाण्यात जवळपास ५०० ग्रॅम नायट्रेट आहे. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, तेव्हा एवढं नायट्रेट त्या पातळीला आणायला ११ हजार लिटर स्वच्छ पाणी लागेल. गटारात ओतलं की ते जवळच्या विहिरी-बोअरपर्यंत जातं, आणि तान्ह्या मुलांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतं. चुन्याने ते कॅल्शियम नायट्रेट होतं, आणि द्राक्षबागेला ठिबकमधून हेच खत देतात, म्हणून हे पाणी बागेला चालेल असं सुचवलं जातं. चालत नाही. जुन्या दागिन्यांच्या डागात कॅडमियम असतं, त्याचंही नायट्रेट याच पाण्यात असतं, आणि पीएच ९ ला ते पुरतं खाली बसत नाही, त्याला ११ च्या आसपास न्यावं लागतं. हे पाणी उथळ टाकीत आटवून क्षार गोणीत भरा आणि गाळाबरोबरच केंद्राकडे पाठवा. क्षार भरताना गोणी तागाची नको, प्लास्टिकची घ्या, कारण नायट्रेट मुरलेला वाळका ताग सहज पेट घेतो.